गावचं वाचनालय, चार पेपर आणि रविवारचा एक तास

आजच्या भागाचं हे लिखित रूप. हेडफोन सापडत नसेल, रेंज गेली असेल किंवा ऐकण्यापेक्षा वाचणंच बरं वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले "अं" आणि "म्हणजे कसं ना" कमी केलेत.

आजचा विषय तसा साधा आहे: गावातलं सार्वजनिक वाचनालय. तिथे होणारे कार्यक्रम, आणि तिथल्या टेबलावर बातमी कशी वाचायची. डोळ्यासमोर ठेवलंय आसगावसारखं गाव. भंडारा जिल्हा, पवनी तालुका, वैनगंगेकाठचा चौरास पट्टा. नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या. तुमचं गाव दुसरं असेल, पीक दुसरं असेल, पण मुद्दा तोच लागू पडतो.

आता तुम्ही लगेच विचाराल, "अरे, बातम्या तर मोबाइलवर येतातच. पेपर निघायच्या आधी येतात. मग वाचनालयात कशाला जायचं?"

प्रश्न बरोबर आहे. आजचा अख्खा भाग म्हणजे त्याचंच उत्तर आहे.

आधी हे वाचनालय असतं तरी कोणाचं?

बऱ्याच जणांना वाटतं की ते सरकारी ऑफिस आहे. काहींना वाटतं, गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या मंडळींची ती बैठक आहे. खरी गोष्ट या दोन्हींच्या मधे आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला १९६७ साली. या कायद्यानं एक वेगळी वाट धरली. गावोगावी सरकारनं स्वतः ग्रंथालयं चालवायची असं नाही, तर लोकांनी संस्था नोंदवायची, तिचं कार्यकारी मंडळ असेल, आणि सरकार मान्यता व अनुदान देईल. आज राज्यात अशी सुमारे अकरा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालयं आहेत. त्यांचे चार वर्ग असतात: अ, ब, क आणि ड. पुस्तकं किती, पेपर आणि मासिकं किती येतात, सभासद किती, रोज किती तास उघडं असतं, अशा गोष्टींवरून वर्ग ठरतो आणि वर्गावरून अनुदान. खेड्यातलं छोटं वाचनालय बहुतेक वेळा ड वर्गातलं असतं. एक-दोन खोल्या, चार-सहा कपाटं, एक लांब टेबल आणि अगदी तुटपुंज्या पगारावर काम करणारे ग्रंथपाल.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? दोन गोष्टी. एक, त्या टेबलावरच्या पेपरमध्ये तुमच्या-माझ्या कराचा पैसा आहे. तिथे जायला ओळख लागत नाही. पुस्तक घरी न्यायचं तर वर्गणी आणि अनामत लागते. बसून पेपर वाचायला सहसा काहीच लागत नाही. दोन, हे चालवतात गावातलीच माणसं. म्हणजे "इथे अमुक कार्यक्रम का होत नाही?" हा प्रश्न मुंबईला पाठवायची गरज नाही. तो समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारता येतो. आणि "आम्ही करतो" म्हटलं तर बहुतेक ठिकाणी मंडळी खूशच होतात, कारण तरुण पोरं आत येत नाहीत हीच तर त्यांची तक्रार असते.

एकानं वाचायचं, दहांनी ऐकायचं

थोडा इतिहास, दोन मिनिटांत.

मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण'. सुरू झालं ६ जानेवारी १८३२ ला. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापला जायचा. ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन पाळतो तो यामुळेच. गंमत म्हणजे रत्नागिरीचं नगर वाचनालय त्याहूनही चार वर्षं जुनं, १८२८ चं. पुढे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं १८४८ चं, कोल्हापूरचं १८५० चं. आपल्याकडे वाचनालय आणि वर्तमानपत्र अगदी बरोबरीनं वाढलेत.

त्या काळात वाचता येणारे कमी, आणि पेपर विकत घेऊ शकणारे त्याहून कमी. मग पेपर वाचला जायचा तो मोठ्यानं. पारावर, दुकानापुढे, वाचनालयाच्या ओसरीवर एकजण वाचणार आणि बाकीचे ऐकणार. ऐकता ऐकता कोणी तरी मधेच म्हणणार, "थांब, थांब, हे पुन्हा वाच." दुसरा म्हणणार, "हे काही पटत नाही बुवा."

मला हे "पुन्हा वाच" फार महत्त्वाचं वाटतं. कारण मोबाइलवर नेमकं हेच होत नाही. स्क्रीन आपली, बातमी आपल्यासाठी निवडलेली, आणि मधे टोकणारं कोणी नाही. पॉडकास्टचंही तेच आहे हो, आमचंसुद्धा. मी इथे काहीही बोललो तरी तुम्ही मला मधे थांबवू शकत नाही.

टोकणारं कोणी नसलं की काय होतं

हे मी हलकं करून सांगणार नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा गाव, साक्री तालुका. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, बहुतेक मूळचे सोलापूर जिल्ह्यातले. त्या दिवसांत मोबाइलवर एक अफवा फिरत होती, मुलं पळवणारी टोळी आली आहे म्हणून. जमावानं या पाच जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जण निर्दोष होते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्यानं वेग थोडा कमी होतो. पण "थांब, हे खरं आहे का?" असं विचारणारं माणूस त्यातून तयार होत नाही.

वाचनालय असतं तर राईनपाडा घडलंच नसतं, असा माझा दावा नाही. चिडलेला जमाव पेपर वाचायला थांबत नसतो. पण ज्या गावात दर आठवड्याला दहा-पंधरा जण एकत्र बसून "ही बातमी कोणी दिली, कुठली आहे, कधीची आहे" असं विचारतात, तिथे असा मेसेज आला की निदान दोघं-तिघं तरी फोन लावून खात्री करतील. ही सवय ऐन गडबडीत लागत नाही. ती शांत दिवसांत लावावी लागते.

शेवटच्या शब्दाकडे बघा

आता बघूया, टेबलावर बसून करायचं काय ते. सगळ्यात सोपी युक्ती आधी सांगतो. मराठी बातमीत मथळ्याचा शेवटचा शब्द वाचा. बहुतेक वेळा तो क्रियापद असतो, आणि सगळा खेळ तिथेच असतो.

"बोनस मिळावा" म्हणजे कोणी तरी मागणी केली आहे. निवेदन दिलं, फोटो काढला, इतकंच.

"बोनस मिळण्याची शक्यता" म्हणजे वार्ताहराचा किंवा त्याला माहिती देणाऱ्याचा अंदाज.

"बोनस मिळणार" म्हणजे कोणी तरी सांगितलं आहे. कोणी सांगितलं, हे खाली शोधायचं.

"बोनस मंजूर" म्हणजे निर्णय झाला असावा. पण कागद कुठे आहे?

"बोनस जमा" म्हणजे पैसे खात्यात आले. कोणाच्या, किती जणांच्या, हे तरीही विचारायचं.

पाच मथळे, एकच विषय, आणि अर्थ पाच वेगळे. फॉरवर्ड होताना मात्र सगळ्यांचा एकच अर्थ होतो: "मिळाले रे भाऊ पैसे!"

हे धानाच्या बोनसवर करून बघू. २०२३-२४ च्या हंगामासाठी राज्य सरकारनं धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये जाहीर केले, कमाल दोन हेक्टरपर्यंत. आता समजा, तुमच्या ग्रुपवर मेसेज आला, "प्रत्येक शेतकऱ्याला ४० हजार!" मेसेज धादांत खोटा नाही. ४० हजार हा आकडा खरोखर निघतो. पण तो निघतो दोन हेक्टर, म्हणजे जवळपास पाच एकर असलेल्यालाच. ज्याच्याकडे दीड एकर धान आहे त्याचा हिशेब बारा हजारांच्या आसपास येतो. आणि "प्रत्येक शेतकऱ्याला" हे तर नाहीच, नोंदणीची अट असते. त्या आकड्याच्या भरवशावर कोणी उधार-उसनवार करून बसलं, तर मधल्या २८ हजारांचा खड्डा कोण भरणार? बातमी नीट वाचणं हे काही फक्त हुशारीचं काम नाही, त्यात घरचा पैसा अडकलेला असतो.

म्हणून कुठल्याही सरकारी योजनेची बातमी टेबलावर आली की एक पायऱ्यांची यादी भिंतीवर लावून ठेवा. मागणी, घोषणा, मंत्रिमंडळाचा निर्णय, शासन निर्णय म्हणजे जीआर, निधी, आणि शेवटी खातं. मग विचारायचं, ही बातमी कितव्या पायरीवर आहे? जीआर निघाला असेल तर तो राज्य सरकारच्या वेबसाइटवर मराठीत असतो, मोबाइलवर उघडता येतो. इथे मोबाइल कामाचा. एकानं पेपर वाचावा, दुसऱ्यानं जीआर शोधावा, तिसऱ्यानं अटी मोठ्यानं वाचाव्यात.

चार पेपर शेजारी-शेजारी

घरी पेपर येत असेल तर तो एकच येतो. वाचनालयात तीन-चार येतात. हा फरक छोटा वाटतो, पण तो फार मोठा आहे.

एकच घटना घ्या आणि ती चारही पेपरांत शोधा. एकात पहिल्या पानावर, दुसऱ्यात जिल्हा पुरवणीत, तिसऱ्यात चार ओळी, चौथ्यात काहीच नाही. का बरं? मग आकडे जुळवा. मोर्चाला एक म्हणतो "हजारो", दुसरा म्हणतो "शेकडो". मग पाहा, बातमीच्या सुरुवातीला काय लिहिलंय: "आमच्या प्रतिनिधीकडून" की वृत्तसंस्थेचं नाव? गावाचं नाव कुठलं? वनविभागाचं म्हणणं आहे, पण ज्याचा बैल वाघानं मारला त्याचं म्हणणं आहे का? पवनी तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही, शेजारीच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात "जाहिरात" असं तर लिहिलेलं नाही ना? बातमीसारखी दिसणारी जाहिरात ओळखायला एकदा शिकलात की पुढे प्रत्येक वेळी डोळा तिथेच जातो.

पोलीस भरती किंवा एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांनो, तुम्ही तर वाचनालयाच्या अभ्यासिकेत रोज बसताच. चालू घडामोडींची आयती पुस्तिका पाठ करण्यापेक्षा हा एक तास जास्त लक्षात राहतो. कारण ज्या मुद्द्यावर आपण वाद घातलेला असतो तो विसरत नाही.

जुनी फाइल म्हणजे गावाची आठवण

मोबाइलची एक मोठी कमजोरी आहे. त्याला कालचं आठवत नाही. म्हणजे शोधलं तर सापडेल, पण शोधणार कोण? वाचनालयात जुन्या पेपरांची चळत असते, काही ठिकाणी कात्रणांच्या वह्या असतात. बहुतेकदा ते रद्दीत जाणार असतं. तिथेच आपण हात घालायचा.

उदाहरण पवनी तालुक्यातलंच. गोसीखुर्द धरण. २२ एप्रिल १९८८ ला तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. सुरुवातीचा अंदाज होता ३७२ कोटी रुपयांचा. पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि अंदाज १८ हजार कोटींच्या वर गेला. आता आजच्या पेपरात "गोसीखुर्द लवकरच पूर्ण होणार" असा मथळा आला, तर एकट्यानं वाचणारा पुढे सरकतो. पण टेबलावर पाच, दहा, वीस वर्षांपूर्वीची कात्रणं असली, आणि शेजारी ज्यांचं गाव बुडालं असे आजोबा बसलेले असले, तर "लवकरच" या शब्दाचं वजन लगेच कळतं.

म्हणून एक काम तरुणांनी उचलावं. गावाचा आणि तालुक्याचा उल्लेख असलेली प्रत्येक बातमी कापायची, वहीत चिकटवायची, वर पेपरचं नाव आणि तारीख लिहायची. मोबाइलनं फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवायचा. खर्च किती? एक वही, एक डिंकाची बाटली. तारीख मात्र विसरू नका. तारीख नसलेलं कात्रण फॉरवर्ड मेसेजसारखंच असतं.

वर्षभराचे कार्यक्रम, शेतीच्या वेळापत्रकानं

वाचनालयांच्या कार्यक्रमांची यादी तशी ठरलेली असते. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. २३ एप्रिल, जागतिक पुस्तक दिन. १२ ऑगस्ट, डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. १५ ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. १४ ते २० नोव्हेंबर, ग्रंथालय सप्ताह. शिवाय जिल्ह्याला दरवर्षी ग्रंथोत्सव असतो.

अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी कार्यक्रम म्हणजे फोटोला हार, दोन भाषणं, चहा आणि अहवालासाठी ग्रुप फोटो. तो फोटो लागतोही, कारण अनुदानासाठी कामाची नोंद दाखवावी लागते. त्याला नावं ठेवायला नकोत. पण त्याच दिवशी, त्याच खर्चात, थोडं वेगळं करता येतं.

६ जानेवारीला तालुक्याच्या वार्ताहराला बोलवा आणि भाषण नको म्हणा. त्याला विचारा, "एक बातमी तुमच्याकडून छापून येईपर्यंत काय काय होतं? कोण फोन करतं? काय गाळलं जातं?" गावाकडच्या वार्ताहराला अनेकदा मानधन फार थोडं असतं आणि जाहिराती आणायचं कामही त्याच्याच गळ्यात असतं. हे ऐकलं की पेपर वाचायची नजर बदलते.

२७ फेब्रुवारीला झाडीबोलीतला तास ठेवा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्याची ही बोली. आजची एक बातमी घ्या आणि आजीला समजेल अशी झाडीबोलीत सांगा. जी बातमी आपल्या बोलीत सांगता येत नाही, ती आपल्यालाच नीट समजलेली नसते. करून बघा.

रोवणीच्या दिवसांत माणसं येणार नाहीत, ते धरूनच चाला. बाया तर चिखलातच असतात दिवसभर. तेव्हा नुसती फळ्यावर तीन मथळे लिहायची सवय ठेवा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, नाटकं होतात, पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. वाचनालयाचं टेबल त्या दिवशी बाहेर काढा. दिवाळी अंक मांडा. दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची. मंडईच्या गर्दीत कोणीतरी उभ्या-उभ्या अंक चाळेल आणि सभासद होऊन जाईल.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. संध्याकाळी वाचनालयाच्या टेबलाभोवती कोण असतं? बहुतेक पुरुष. मुली कपाटापर्यंत येतात, पुस्तक बदलतात आणि जातात. कुठे पाटी लावलेली नसते, पण खुर्च्या भरलेल्या असतात. म्हणून आठवड्यातून एक दुपार मुलींसाठी आणि बायांसाठी ठेवा. बचत गटाच्या बैठकीला जोडून ठेवली तर अजून सोपं. कर्ज, रेशन, घरकुल, दवाखाना या बातम्यांचा सगळ्यात जास्त संबंध त्यांच्याशी येतो, आणि त्या बातम्या त्यांच्यापर्यंत पोचतात सगळ्यात शेवटी, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

सुरुवात कशी करायची?

फार मोठं काही नको. रविवार, सकाळचा एक तास.

पहिली दहा मिनिटं: प्रत्येकानं एक पेपर घ्यायचा आणि एक बातमी निवडायची. पुढची वीस मिनिटं: दोन-तीन बातम्या मोठ्यानं वाचायच्या, मधे टोकायला पूर्ण परवानगी. पुढची वीस मिनिटं: आठवड्याचा एक फॉरवर्ड मेसेज घ्यायचा आणि त्याची तपासणी करायची. तारीख आहे का, गाव आहे का, कोण म्हणतंय, दुसरीकडे कुठे आहे का? केंद्र सरकारच्या योजनेबद्दल असेल तर पीआयबीचं फॅक्ट चेक पाहायचं. एखादी संकल्पनाच कळली नाही तर मराठी विश्वकोश उघडायचा, तो ऑनलाइन फुकट आहे. शेवटची दहा मिनिटं: कात्रण कापणं आणि फळा लिहिणं.

नियम दोनच ठेवा. एक, पक्ष कोणताही असो, बातमीवर बोलायचं, माणसावर नाही. हा मोडला की तास तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो, लिहून घ्या. दोन, "मला माहीत नाही" म्हणणाऱ्याला हसायचं नाही.

पहिल्या रविवारी चारच जण येतील. येऊ द्या. चार पेपरांना चार माणसं, हिशेब बरोबर आहे.

तर मंडळी, या आठवड्याचं काम एवढंच. तुमच्या गावचं वाचनालय किती वाजता उघडतं ते शोधून काढा. मोबाइलवर नाही हं, जाऊन. दाराला कुलूप दिसलं, तर कोणाकडे किल्ली आहे ते विचारा. पुढच्या भागात भेटू. तोवर, मथळ्याचा शेवटचा शब्द वाचत राहा.